साक्षीदाराचा रकाना

प्रिन्स जॉर्ज, ११ जानेवारी २०२३

रोवेना,

तीन वर्षांत तुझा माझा एक शब्द नाही, आणि काल सकाळी परवाना मंडळाचा ईमेल येऊन पडतो: ‘रोवेना कातापांग यांनी आपल्याला पडताळक म्हणून नेमलं आहे.’ नेमलं आहे म्हणे! अगं, विचारशील तरी की नाही? म्हातारा जिवंत आहे का, एवढी तरी चौकशी करायचीस. माझ्या बायकोला, व्हर्नाला, दर नाताळला तुझं कार्ड येतं, त्यात ‘सरांना नमस्कार’ एवढीसुद्धा ओळ नसते. मी ते कार्ड वाचतो आणि वाचलं नाही असं दाखवतो.

व्हर्ना म्हणाली, “विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास?”

“ते वेगळं.”

“मग झालं तर,” म्हणाली आणि बीट चिरायला लागली.

असो. बसलो कॉम्प्युटरपुढे. पडताळकाचं काम मला नवीन नाही, आजवर अकरा जणांसाठी केलंय. अर्जदार लिहितो, अमुक ठिकाणी अमुक अडचण होती, मी हे केलं, त्यातून हे झालं. ते ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्या परवानाधारक इंजिनिअरने सांगायचं, खरं की खोटं, आणि शून्य ते पाच यांत त्या माणसाची तयारी किती. साधी साक्ष आहे. मंडळातले तपासनीस काही बर्फ तुडवत ओढ्यावर जाणार नाहीत, त्यांना आमच्याच डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागतो.

तू माझ्या नावावर चार कामं टाकलीस. पहिली तीन मी तासाभरात उरकली. काय लिहिलं ते अर्जदाराला सांगायला बंदी आहे, पण तुला रडू येईल असं काही नाही. चौथं काम सॉयर ओढ्याचा पूल. ते वाचलं, उठलो, दारापुढचा बर्फ काढून आलो. परत बसलो, परत उठलो. दुपारपर्यंत तीनदा फावडं घेऊन बाहेर गेलो; तिसऱ्या वेळी काढायला बर्फच नव्हता. शेजारी खिडकीतून बघत होता, मी हात केला.

‘नकाशातील पुराची पातळी आणि जागेवरचं मोजमाप ही दोन वेगवेगळ्या शून्यांवरून घेतल्याचं माझ्या लक्षात आलं. मी हिशेब करून वरिष्ठांना दाखवला. त्यानंतर पुलाची उंची वाढवण्यात आली.’ एवढंच लिहिलंयस. खाली माझा रकाना: हे आपल्याला मान्य आहे का? आपल्याला हे कसं माहीत?

रोवेना, हे कशाला उकरून काढलंस? धोका ओळखण्याचंच उदाहरण हवं असेल तर शाळेजवळच्या त्या मोरीचं दे. तेही माझ्यासमोर झालं आणि सुटसुटीत आहे. सॉयर पुलाचे कागद चार लोकांनी पाहिलेत. कागद एक म्हणतात, तू एक म्हणतेस, यात लोक घोळ घालतील आणि नुकसान तुझंच होईल. तुझ्या भल्यासाठी सांगतोय. उदाहरण बदल, नाही तर सरळ माझं नाव काढून टाक आणि दुसरा कोणी बघ.

थंडी उणे एकतीस. पत्ता व्हर्नाने दिला, कपाळाला आठी घालून. हे आजच पेटीत टाकतो.

ओरेस्ट बारान


प्रिन्स जॉर्ज, २० जानेवारी

रोवेना,

उत्तर नाही. उत्तर येईल असं मला वाटलं होतं असंही नाही, पण गेले चार दिवस मी टपालपेटीपर्यंत दिवसातून दोन फेऱ्या मारतोय. टपाल एकदाच येतं.

काल कर्लिंगच्या हॉलमध्ये, बर्फावरचा खेळ चालू असताना, डेस भेटला. डेस हाल्वर्सन तोच आहे, आपली फर्म अजून तोच चालवतो, फक्त पोट जरा पुढे आलंय. हातात डोनटचा डबा घेऊन माझ्या बाकावर येऊन बसला.

“काय रे ओरेस्ट, तुलाही आला ना त्या पोरीचा अर्ज?”

“कुठल्या पोरीचा?”

“आता कुठल्या म्हणून काय विचारतोस! कातापांग. मला तिने साक्षीदार केलंय, वरिष्ठांशी कसं बोलावं या कौशल्यासाठी. आणि लिहिलंय काय, तर सॉयर पुलाच्या नकाशातली चूक मी वरिष्ठांच्या कानावर घातली. चूक! तुझ्या नकाशात! मी म्हटलं, बाई गं, धाडसाची कमाल आहे.”

“मग तू काय केलंस?”

“शून्य टाकलं. आणि खाली सविस्तर लिहिलं की हा पूल ओरेस्ट बारानने स्वतःच्या डोक्याने उंच केला, त्याबद्दल इंजिनिअर संघटनेच्या शाखेने त्याचा सत्कार केला, अर्जदार दुसऱ्याचं श्रेय लाटते आहे. तूही शून्य टाक, म्हणजे दोघांचं जुळेल.”

“डेस, हे आपसात बोलायला बंदी आहे.”

“हो हो, बंदी! डोनट घे.”

आणि मी डोनट घेतला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. डेसवर रागावू नकोस. तो वाईट माणूस नाही, त्याला जे सांगितलं गेलं तेच त्याला माहीत आहे.

घरी येताना गाडीत व्हर्ना आपणहून तुझ्याबद्दल बोलायला लागली. अर्जात काय लिहिलंय ते तिला माहीत नव्हतं, नाताळच्या कार्डातलंच सांगत होती. कॅमलूप्सच्या पालिकेत तुला जागा मिळालीय, मे अखेरपर्यंत परवाना आला तरच ती टिकेल. मागच्या वेळचा अर्ज नापास झाला होता, हा दुसरा. मनिलाजवळ नऊ वर्षं पूल बांधून इथे आलीस आणि आम्ही तुला शिकाऊ म्हणून ठेवलं, त्याला आता सात वर्षं होतील. व्हर्ना म्हणाली, “या वेळी तरी होईल ना रे पोरीचं?” मी म्हटलं, “मला काय माहीत!” इतक्या जोरात म्हटलं की ती खिडकीबाहेर बघत बसली.

नापास होणं वेगळं. पण अर्जदाराने खोटं लिहिलं असा शेरा पडला की नुसता अर्ज जात नाही. परत कधी अर्ज केला तरी तो शेरा फाइलमध्ये पहिल्या पानावर असतो. हे डेसच्या डोक्यात आलं नसेल. माझ्या आलं.

आता एक सांगतो. त्या दिवशी ओढ्यावर उंचीबद्दल तू काही तरी बोलली होतीस, हे मी नाकारत नाही. पण मलाही शंका होतीच.

ही शेवटची ओळ खोडणार होतो. राहू दे. पत्र टाकायचं की नाही ते उद्या बघतो.

ओरेस्ट


प्रिन्स जॉर्ज, २९ जानेवारी

रोवेना,

वरचं पत्र नऊ दिवस पिकअपच्या खणात पडून होतं. आज व्हर्ना काचेवरचा बर्फ खरवडायचं शोधत होती, तिच्या हाताला लागलं. पाकीट उघडंच होतं. तिने गाडीत बसून वाचलं, इंजिन चालू ठेवून, आणि घरात येऊन माझ्यापुढे ठेवलं.

“मलाही शंका होतीच,” तिने वाचून दाखवलं. “होती का रे?”

बेचाळीस वर्षांच्या लग्नात ही बाई माझ्याशी फार वेळा या आवाजात बोललेली नाही. मी काही तरी पुटपुटलो. ती म्हणाली, “सत्काराच्या जेवणाला ती माझ्याशेजारी बसली होती. तुझं नाव पुकारलं तेव्हा ती टाळ्या वाजवत होती, आणि मी तिला म्हटलं, ‘अगं, हात लाल होतील.’ मला वाटलं किती जीव आहे पोरीचा याच्यावर! सोमवारी तिने राजीनामा दिला. तू मला सांगितलंस जास्त पगाराची नोकरी मिळाली. ओरेस्ट, मी तीन वर्षं तिला कार्डांतून काय लिहीत होते माहीत आहे? ‘ओरेस्ट तुझी आठवण काढतो.’”

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. आमच्या घरात ते दार कोणी लावत नाही.

तर आता जसं झालं तसं लिहितो. तुला सगळं माहीत आहे. मी एकदाही कुठे लिहिलेलं नाही म्हणून लिहितो.

सप्टेंबर २०१८. ओढ्यात ठोकलेले लोखंडी खांब दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नकाशातल्या उंचीवर कापायचे होते. कापणारा माणूस क्वेनेलहून येऊन मोटेलमध्ये उतरला होता. तू दिवसभर काठावर होतीस. चार वाजता पिकअपमध्ये येऊन बसलीस, बूट चिखलाने भरलेले, हातात वहीचं फाडलेलं पान. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. म्हणालीस, “सर, काठावरच्या झाडांना जुन्या पुराचं गवत अडकलंय. माझ्या खांद्याच्या वर आहे.”

“असेल.”

“सर, नकाशातली पुराची रेघ त्याच्या एक फूट खाली येते. मी लेव्हल लावून तीनदा बघितलं.”

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणालो, “हे बघ, तुमच्याकडे समुद्र असतो. इथे ओढे असतात. मी तीस वर्षं ओढे बघतोय.”

तू ते ओलं पान मांडीवर सरळ केलंस. मग म्हणालीस, “हो सर. पण सर, शून्यं दोन आहेत.”

उंची मोजायचं शून्य देशाने काही वर्षांपूर्वी बदललं होतं. आपली मोजणी उपग्रहावरून, नव्या शून्यापासून. पुराची पातळी मी उचलली होती जुन्या सरकारी अहवालातून, जुन्या शून्याची. आमच्या भागात फरक एक फुटाच्या आसपास. त्या काळात आमच्यातल्या कित्येकांनी हा गोंधळ घातलाय, फक्त बहुतेकांनी तो टेबलावर पकडला. मी नकाशावर शिक्का मारून मोकळा झालो होतो. पुलाखालून पुरात ओंडके वाहत येतात, त्यांच्यासाठी ठेवलेली जागा निम्मी झाली होती. आणि खांब एकदा कापला की परत वाढत नाही.

मी पान घेतलं. खिशातली लाल पेन्सिल काढली आणि आकडे तपासत खाली आलो. प्रत्येक ओळीला बरोबरची खूण. तळाशी ‘तपासलं, ओ. बा.’ आणि तारीख. हात सवयीने चालला, दुसऱ्याने हिशेब दाखवला की तपासून सही करायची, तीस वर्षांची सवय. सही झाल्यावर मला कळलं मी कशावर सही केली ते. मग मी खाली उतरून ओढ्याकाठी जाऊन उभा राहिलो. तुला वाटलं असेल मी विचार करतोय. साठी उलटलेला माणूस, चाळीस एक पूल, आणि मनात एकच, हे डेसला कळलं तर?

परत आलो आणि म्हणालो, “डेसला मी सांगतो. तू मधे बोलू नकोस.”

तू म्हणालीस, “हो सर.”

डेसला मी सांगितलं की ओंडक्यांचा विचार करून मी पूल एक फूट वर घेतोय. नव्या नकाशावर शेरा लिहिला: ‘रचनाकाराच्या पुनर्विचारानुसार.’ खांब उंच कापले गेले. पुढच्या मे महिन्यात पाणी आलं तेव्हा त्या खोऱ्यातले तीन पूल गेले आणि आपला राहिला. पलीकडे बारा घरं होती, शाळेची बस तिकडूनच यायची. लोक आले, फोटो काढले, शाखेने पितळी पाटी दिली, ‘दूरदृष्टीबद्दल’. मी ती घेतली रोवेना. व्यासपीठावर उभं राहून घेतली. तेव्हासुद्धा एक वाक्य बोलायला जागा होती. मी हवामानावर बोललो.

मला शंका नव्हती. काडीचीही नव्हती.

उद्या सकाळी मी तो रकाना भरतो आणि मग ही दोन्ही पत्रं एकत्र टाकतो.

ओरेस्ट


प्रिन्स जॉर्ज, ३० जानेवारी

रोवेना,

हे काय केलंस?

सकाळी सातला बसलो. आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून बसलो, व्हर्ना हसली नाही. रात्रभर मनात घोळवलेली वाक्यं कागदावर उतरवून घेतली होती. संकेतशब्द टाकला. पडद्यावर: ‘या अर्जदाराने पडताळक म्हणून आपलं नाव मागे घेतलं आहे. आपल्याकडे कोणतंही काम शिल्लक नाही.’

मला आधी वाटलं यंत्रात बिघाड आहे. दोनदा बंद करून चालू केलं. मग तारीख पाहिली, सतरा जानेवारी. माझं पहिलं पत्र तुला सोळाला मिळालं असणार.

मी लिहिलं माझं नाव काढून टाक, आणि तू काढून टाकलंस. दुसऱ्याच दिवशी! अगं, तू काय माझी अजून नोकर आहेस? मी मूर्खासारखं काहीही लिहीन, तू ‘हो सर’ म्हणून करून टाकशील? एकदा तरी माझ्यावर ओरडायचंस!

नाही. हे तुझ्यावर ढकलण्यात अर्थ नाही. ओरडायला मी तुला कधी जागा ठेवली? 

आता फाइलमध्ये काय आहे ते बघ. तुझं म्हणणं आहे, डेसचं शून्य आहे, आणि तू श्रेय लाटतेस हा डेसचा शेरा आहे. माझं काहीच नाही. वर माझ्या नावाखालची ती तीन चांगली कामंसुद्धा साक्षीवाचून राहिली. नाव मागे घेतलेला साक्षीदार म्हणजे तपासनिसाला काय वाटेल? याला विचारलं असतं तर यानेही नाहीच म्हटलं असतं, असंच ना!

माझं नाव परत घाल. मी विनवतो आहे. तिन्ही पत्रं आज तातडीच्या टपालाने पाठवतो आहे. वाचली नाहीस तरी चालेल, नाव तेवढं घाल.

ओरेस्ट


प्रिन्स जॉर्ज, ९ फेब्रुवारी

रोवेना,

नाव आलेलं नाही. समजू शकतो. ज्या माणसाने एकदा गिळलं त्याच्या हातात परत घास कोण देईल?

पण मी घरात बसून राहू शकत नाही. बसलो की उठतो, उठलो की कुठे जायचं कळत नाही. व्हर्ना म्हणते जिन्याचा गालिचा तू एकट्याने झिजवलास. म्हणून सोमवारी मंडळाच्या कचेरीत फोन लावला. एक बाई होत्या, आवाजावरून तरुण, फार सभ्य.

मी म्हटलं, “मला एका अर्जाबद्दल खरं काय घडलं ते सांगायचंय.”

“आपण त्या अर्जात पडताळक आहात का?”

“होतो. माझ्याच मूर्खपणाने नाही राहिलो.”

“मग माफ करा, ज्यांना अर्जदाराने नेमलेलं नाही त्यांचं म्हणणं अर्जात घेता येत नाही. नाही तर कोणीही उठून कोणाबद्दलही लिहील.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं, कारण नियम बरोबरच आहे. “एक विचारू? सदस्य इंजिनिअरविरुद्ध तक्रार कोण करू शकतं?”

“कोणीही. ज्यांच्याबद्दल असते ते सदस्य असले पाहिजेत, बस. आम्हाला तिची दखल घ्यावीच लागते.”

“त्या तक्रारीत एखाद्या अर्जदाराचा संबंध येत असेल तर?”

“तर ती त्या अर्जाच्या तपासनिसांकडेही जाते. पण साहेब, पुरावा लागेल.”

पुरावा आहे. तुझं ते वहीचं पान. मला सांग, मी ते फाडायला हवं होतं की नाही? पण हिशेबाचा कागद फाडायचा नाही हे इतकं हाडात मुरलंय की खोटं बोललो आणि खोट्याचा पुरावा जपून फाइलला लावला. तुझ्या अक्षरात आकडे, माझ्या लाल खुणा, तळाशी माझी सही आणि तारीख. नव्या नकाशाच्या आदल्या दिवसाची.

मंगळवारी तक्रारीचा अर्ज भरला, ते पान जोडलं आणि पाठवला. काल त्याच बाईंचा फोन.

“बारान साहेब, आपला अर्ज मिळाला. थोडी दुरुस्ती करावी लागेल. तक्रारदार आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, दोन्ही रकान्यांत एकच नाव पडलंय.”

“हो.”

“तर योग्य नाव कुठलं?”

“दोन्ही बरोबर आहेत.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, “असं आधी कोणी केलेलं नाही. मी वरिष्ठांना विचारून सांगते.” मी म्हटलं, “विचारा बाई. पण लवकर विचारा, मे अखेरीची मुदत आहे.” त्यांना वाटलं माझी मुदत.

डेसला मी जाऊन सांगितलं. त्याच्या ऑफिसात, दार लावून. तो आधी हसला, मग लाल झाला. “म्हणजे मी एका निरपराध पोरीला चोर म्हटलं? तुझ्या शब्दावर?” मी हो म्हटलं. “चालता हो,” म्हणाला. मी निघालो. दाराशी असताना ओरडला, “आणि कर्लिंगला येऊ नकोस!” पण दुपारी त्याने मंडळाला लिहून त्याचा शेरा मागे घेतला, हे त्याच्या बायकोने व्हर्नाला सांगितलं.

तक्रारीची नक्कल सोबत जोडली आहे, पानाची प्रतही. तुझं पान आहे ते, तुझ्याकडे असायला हवं होतं.

ओरेस्ट


प्रिन्स जॉर्ज, २ जून

रोवेना,

मार्चमध्ये तू माझं नाव परत घातलंस, एक शब्द न लिहिता. मी त्याच दिवशी भरलं. काय भरलं ते सांगायला बंदी आहे आणि या वेळी मी ती पाळतो आहे.

माझ्या तक्रारीचा निकाल मागच्या आठवड्यात आला, परवाना गेला. शिक्का परत केला. पितळी पाटी शाखेकडे पाठवली, त्यांनी पोच दिली नाही, कदाचित त्यांनाही कळत नसेल की तिचं काय करायचं. नाव आणि कारण मंडळाच्या मासिकात छापून येईल. सदतीस वर्षं मारलेला शिक्का टपालात टाकताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू? दोन दिवस जेवलो नाही नीट. मग जेवलो. व्हर्ना आता स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवते.

म्हणून काल दुपारी तुझा फोन आला तेव्हा मला सगळं ऐकू आलं. तिने तो नेहमीसारखा मोठ्या आवाजावर ठेवला होता, पिठाच्या हाताने. मी ऐकायला नको होतं. बाहेरच्या खोलीत उभा राहून ऐकलं.

“तीता व्हर्ना, आला! परवाना आला! एकतीस तारखेला आला, शेवटच्या दिवशी! साहेबांनी माझ्यासमोर कागदावर सही केली, नोकरी पक्की!”

तुझी तीता, म्हणजे मावशी, आधी ओरडली आणि मग रडायला लागली, आणि तू तिकडे रडत होतीस, आणि बराच वेळ दोघींपैकी कोणी धड बोलत नव्हतं. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला इतका आनंद झाला की काय सांगू, आणि त्या आनंदात मला जागा नव्हती, तेही दिसत होतं.

मग व्हर्नाने विचारलं, “ओरेस्ट इथेच आहे. देऊ त्याला?”

तू म्हणालीस, “नको तीता. आत्ता बोलले तर तोंडातून ‘थँक यू सर’ निघून जाईल. सवयच आहे तशी. आणि मला ते म्हणायचं नाहीये.”

व्हर्ना म्हणाली, “मग नको म्हणूस.”

बरोबर आहे रोवेना. मुळीच म्हणू नकोस. आज नको, दहा वर्षांनी नको. तुझ्या हक्काचं तुला मिळालं, तेही उशिरा, तेही मी वाटेतून बाजूला झालो म्हणून. त्यासाठी कोणी कोणाचे आभार मानत नाही.

उत्तराची वाट मी बघणार नाही. टपालाला फेऱ्या मारतो ते पायांना चाल हवी म्हणून.

पिकअपमध्ये ते पान हातात घेऊन मला म्हणायचं होतं ते पाच वर्षं राहून गेलं. चूक माझी होती. पकडलीस तू. त्या बारा घरांतली माणसं त्या मे महिन्यात घरी पोचली ती तुझ्यामुळे. थँक यू, मॅडम.

ओरेस्ट बारान